रेनडिअरचा भिंतीवरील तक्ता: चित्र सुरेख, जंगल मात्र हरवलेले

अप्पा बळवंत चौकातील एका दुकानातून मुलीसाठी १८० रुपयांना घेतलेला रेनडिअरचा तक्ता महिनाभर आमच्या भिंतीवर आहे. कागद जाड आहे, छपाई स्वच्छ आहे आणि या हरणांत मादीलाही शिंगे असतात हे चित्रात अचूक दाखवले आहे, याचे विशेष समाधान वाटले.

मात्र पार्श्वभूमीला नुसता बर्फ आहे, आणि ही उणीव मला फार खटकली. हा प्राणी हिवाळ्यात मुख्यतः शैवाक, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफुलाचे सगेसोयरे, खाऊन जगतो. बर्फावर पाऊस पडून त्याचा कडक थर जमला की जमिनीवरचे शैवाक खुराने उकरता येत नाही, आणि मग उत्तरेकडील सूचिपर्णी जंगलांतील जुन्या झाडांवर लोंबणाऱ्या शैवाकावरच अनेक कळपांना तग धरावा लागतो. जमिनीवरचे शैवाक वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते, त्यामुळे तोडलेल्या जंगलाच्या जागी रोपे लावली तरी हे अन्न कित्येक दशके परतत नाही. स्वीडनमधील सामी या मूळनिवासी समाजाचे रेनडिअर पाळणारे पशुपालक जुनी जंगले राखण्याचा आग्रह धरतात, तो यासाठीच.

पुढील छपाईत शैवाकाने लगडलेले एक तरी झाड असावे, अशी विनंती मी दुकानदारांकडे लिहून दिली आहे.