'आन्दारे'साठी घेतलेला कोश

आठवीच्या वर्गात एका मुलीने विचारलं होतं, "सर, खातो-खाल्ला, मग जातो-जाल्ला का नाही?" मी 'अनियमित रूप आहे' म्हणालो आणि फळा पुसला. ते उत्तर मला कायम टोचत राहिलं.

निवृत्तीनंतर लेकीकडे इटलीत, बोलोन्याला गेलो, इटालियन शिकायला लागलो, तर तोच प्रश्न पुन्हा पुढ्यात! 'आन्दारे' म्हणजे जाणे. पण 'मी जातो' हे 'वादो' आणि 'आम्ही जातो' हे 'आन्दियामो'. माझी तगमग बघून लेकीने कोर्तेलात्सो आणि त्सोल्ली यांचा व्युत्पत्तिकोश, म्हणजे शब्दांची मुळं सांगणारा कोश, आणून दिला. त्याला 'देली' म्हणतात. बोलोन्याच्याच झानिकेल्ली प्रकाशनाने तो १९७९ ते १९८८ दरम्यान पाच खंडांत काढला. माझ्याकडे १९९९ची एकखंडी आवृत्ती आहे. शब्द लिखाणात पहिल्यांदा कधी, कोणाकडे सापडतो हे त्यात दिलेलं असतं. माझ्यासारख्याला हे वाचता वाचता दुपार पुरत नाही.

'वादो', 'वाई', 'वान्नो' ही लॅटिन 'वादेरे'ची लेकरं. 'आन्दारे'चं मूळ मात्र अजून ठरलेलं नाही. कोणी 'आम्बुलारे'कडे बोट दाखवतात (चालणे, ॲम्ब्युलन्स त्यातलीच), तर कोणी 'आम्बितारे' असं रूप कल्पतात. जुनं लॅटिन 'ईरे' फार आखूड, 'तो जातो' म्हणजे नुसतं 'इत'. आपल्या संस्कृत 'एति'चं ते भावंड. एवढासा शब्द बोलण्यात टिकेना, तेव्हा लोकांनी भरघोस क्रियापदं जवळ केली.

आपलंही तसंच. 'जातो' आला संस्कृत 'याति'वरून, 'गेला' आला 'गत'वरून. आणि 'गत'मधल्या 'गम्' धातूचं इटलीतलं भावंड कोणतं? 'वेनीरे', म्हणजे येणे! हे वहीत लिहिताना माझा हात थरथरला.

कोश सगळा इटालियनमध्ये आहे, लॅटिनची तोंडओळख नसेल तर जड जाईल. नवशिक्याने आधी साधा शब्दकोश घ्यावा. जाडजूड आहे, मांडीवर पेलत नाही, टेबल हवंच. तरीही भाषा शिकवणाऱ्या प्रत्येकाला मी हा घ्यायला सांगेन.

ती मुलगी आता स्वतः मराठी शिकवते. तिला 'गत' ते 'गेला' सगळं लिहून पाठवलं. रात्रीच उत्तर आलं, "सर, मग केला आणि मेला?" या वेळी लगेच कळवलं: कृत, मृत.