तीन फुटी समुद्री टँक: पाइप, संप आणि स्किमर अकरा महिने वापरल्यावर

खाऱ्या पाण्यातल्या माशांचा हा टँक आमच्या पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये आहे. ३६ बाय १८ बाय १८ इंच, काठोकाठ भरला तर साधारण १९० लिटर. खालच्या कपाटात दोन फुटी काचेचा संप (पाणी गाळायची टाकी), त्यात मोजे-फिल्टर (मोज्यासारखी कापडी गाळणी), प्रोटीन स्किमर (फेस करून घाण बाहेर काढणारं यंत्र), सिरॅमिक रिंग्ज आणि शेवटच्या कप्प्यात पाणी वर चढवणारा पंप. दोन क्लाउनफिश, एक गोबी, दोन कोळंब्या आणि गोगलगायी. अकरा महिन्यांत एकही मासा आजारी पडला नाही. जे बिघडलं ते पाइपांत बिघडलं, म्हणून स्किमरपेक्षा पाइपांबद्दलच जास्त लिहिते.

टँक बसवणाऱ्याने मागच्या कोपऱ्यातल्या काळ्या बॉक्समध्ये तळाला दोन होल मारून दिली होती. एकातून पाणी खाली, दुसऱ्यातून वर. वर येणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्याखाली आठ सेंटीमीटर होतं. "एनआरव्ही बसवलाय ताई, पाणी उलटं येणारच नाही," असं तो म्हणाला (एनआरव्ही म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) आणि मी विश्वास ठेवला. दीड महिन्याने एका गुरुवारी दुपारी वीज गेली. मी घरी आले तेव्हा सोफ्याखाली खारं पाणी पसरलेलं होतं. एनआरव्हीच्या झडपेत वाळूचा एक कण अडकला होता, तेवढ्याने ती मिटली नव्हती. पंप थांबल्यावर पाणी त्याच पाइपातून उलटं खाली ओढलं गेलं आणि तोंड उघडं पडेपर्यंत थांबलं नाही. माझ्या टँकमध्ये एक सेंटीमीटर पातळी म्हणजे चार लिटर. आठ सेंटीमीटरचे झाले बत्तीस आणि संपमध्ये मोकळी जागा होती वीस लिटरची. कपाटाच्या तळाशी ठेवलेल्या एक्स्टेन्शन बोर्डापासून पाणी दोन बोटांवर होतं. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

त्याच आठवड्यात बोर्ड कपाटाच्या बाजूला उंचावर लावला, प्रत्येक वायरला खाली झोल ठेवला म्हणजे थेंब ओघळून प्लगमध्ये शिरणार नाही, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) बसवून घेतला. एनआरव्ही काढूनच टाकला. वर येणारा पाइप आता काठावरून आत घेतलाय आणि त्याचं तोंड पाण्याखाली जेमतेम दीड सेंटीमीटर आहे. कितीही वेळ वीज गेली तरी खाली सात-आठ लिटरच येतात. पंप मुद्दाम बंद करून किती पाणी खाली उतरतं ते मोजलं, संपच्या काठाखाली तेवढी जागा मोकळी सोडली आणि तिथे काचेवर मार्करने रेघ मारली. पंप चालू असताना पाणी त्या रेघेच्या वर कधीही भरायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. पाणी उलटं ओढलं जाऊ नये म्हणून वर येणाऱ्या पाइपाला बारीक भोक पाडून हवा घेण्याचा उपाय बरेच जण सांगतात. मीही पाडलं होतं, पण तीन आठवड्यांत ते शेवाळाने बुजलं.

पाइप काठावरून घेतल्यामुळे दुसरं होल रिकामं झालं आणि त्याचा मोठा फायदा आवाजाला झाला. सासूबाई हॉलमध्ये झोपतात. खाली जाणाऱ्या पाइपात हवा आणि पाणी एकत्र शिरून रात्रभर घुळुक-घुळुक चालायचं. आता मुख्य पाइप वॉल्व्हने इतका आवळलाय की तो पूर्ण भरून वाहतो, हवा शिरतच नाही. दुसरा पाइप त्याहून उंच, राखीव. मुख्य पाइपात गोगलगाय अडकली तरी पाणी दुसऱ्यातून उतरेल. वॉल्व्हपाशी मात्र मी दोनदा चुकले. बॉल वॉल्व्ह केसभर फिरवला तरी पातळी भसकन बदलते. इथे चाक फिरवून हळूहळू उघडणारा गेट वॉल्व्हच हवा. हार्डवेअरच्या दुकानात तो पितळी मिळतो आणि काका तोच मजबूत म्हणून हातात ठेवतात. तो घेऊ नका. पितळेत तांबं असतं, खाऱ्या पाण्यात ते सुटतं आणि कोळंब्या, गोगलगायी मरतात. प्लास्टिकचा शोधायला मला महिना लागला.

टँक निपलचं (काचेच्या होलमध्ये बसणाऱ्या पाइपाच्या जोडाचं) रबरी वॉशर काचेच्या आतल्या बाजूला, कॉलरखाली येतं. बाहेर नट, तोही हातानेच आवळायचा. प्रत्येक वॉल्व्हच्या आणि पंपाच्या पुढे युनियन (हाताने उघडता येणारा जोड) टाका, नाहीतर साफसफाईला पाइप कापावा लागतो.

पंपाच्या खोक्यावर ताशी ३००० लिटर लिहिलंय. मी वरच्या तोंडाशी दहा लिटरची बादली धरली, ती २७ सेकंदांत भरली, म्हणजे ताशी १३३० च्या आसपास. चार फूट चढ, पाच एल्बो आणि पाऊण इंची पाइप, यात बाकीचं गेलं. एक इंची पाइप आणि ४५ अंशांचे दोनच एल्बो केल्यावर तीच बादली २० सेकंदांत भरते.

स्किमर चांगला निघाला. पहिले दहा-बारा दिवस नुसता पातळ फेस आला, मग काळ्या चहासारखं, दुर्गंधी पाणी साठायला लागलं. संपमधला तो कप्पा असा हवा की पाण्याची उंची हलणार नाही, नाहीतर कधी कप उतू जातो, कधी कोरडा. एकदा फेस दिवसभर पूर्ण बसला होता. सासूबाईंनी केसांना खोबरेल लावून त्याच हाताने माशांना खाऊ घातलं होतं. रात्रीपर्यंत आपोआप सुरळीत झालं. मोजे मात्र दर तीन दिवसांनी बदलावे लागतात, हे कंटाळवाणं आहे.

खरं गाळण दगडांतले जिवाणू करतात: अमोनियाचं नायट्राइट, त्याचं नायट्रेट. माझ्याकडे याला पाच आठवडे लागले, तोवर एकही मासा सोडला नाही. दगड मी सिरॅमिकचेच घेतले. समुद्रातले प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नये.

एप्रिल-मे कठीण गेला. पाणी ३१ अंशांवर जायला लागलं तेव्हा संपवर दोन छोटे पंखे लावले. तापमान २८ वर आलं, पण रोज चार लिटर पाणी उडायला लागलं. मीठ मागेच राहतं, त्यामुळे भर गोड्या पाण्याचीच घालायची. घरच्या आरओच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ४५ येत होता, म्हणून पुढे उरलेले क्षार काढणारी डीआय रेझिनची नळी जोडली. आता मीटर शून्य दाखवतो. भर आपोआप घालणारा फ्लोट सेन्सर मी पहिल्या दिवशीच घ्यायला हवा होता. तो आल्यापासून क्षारता, म्हणजे पाण्याचा खारटपणा, हजारी ३५ वरून हलली नाही आणि आम्ही चार दिवस कोकणात जाऊन आलो.