पवनाकाठचा तंबू आणि बाविसावा आठवडा

गरोदरपणाच्या बाविसाव्या आठवड्यात, डिसेंबरातल्या एका शनिवारी, आम्ही दोघे पवना धरणाच्या जलाशयाकाठी एका छावणीत मुक्कामाला राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिकोन्याची बरीचशी चढण चढून आलो. घरात सर्वांना धास्ती होती ती गडाची. सासूबाई तर ‘हिला गडाचेच डोहाळे लागलेत’ असे म्हणून गप्प बसल्या होत्या. प्रत्यक्षात गड सोपा गेला आणि काळजी करावी अशा बहुतेक गोष्टी तंबूत व त्याच्या आसपास निघाल्या, म्हणून हे परीक्षण मुख्यतः छावणीचे आहे. तिचे नाव देत नाही, कारण पवनाकाठी अशा छावण्या पुष्कळ आहेत आणि या उणिवा तिच्या एकटीच्याच असतील असे मला वाटत नाही.

वार (प्लॅसेंटा) खाली नाही, रक्तदाब व हिमोग्लोबिन ठीक आहे, हे पाहूनच डॉक्टरांनी परवानगी दिली होती. ज्यांना रक्तस्राव झाला आहे किंवा मुदतपूर्व प्रसूतीचा धोका सांगितला गेला आहे, त्यांनी हा बेत मनातही आणू नये.

नोंदणीच्या वेळी मी फोनवर तीन गोष्टी विचारल्या: शौचालय तंबूपासून किती दूर आहे, कमोड आहे का आणि गाडी तंबूपर्यंत येते का. तिन्ही प्रश्नांना ‘मॅडम, सगळी सोय आहे’ हे एकच उत्तर मिळाले. कमोड होता आणि अपेक्षेपेक्षा स्वच्छ होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो उताराच्या पायवाटेने शंभरेक पावलांवर होता आणि रात्री अकराला जनरेटर बंद झाल्यावर त्या वाटेवर मिट्ट काळोख होत असे. एरवी ही तक्रार क्षुल्लक ठरली असती. मात्र या दिवसांत रात्रीतून तीन वेळा उठावे लागते, सांध्यांचे बंध सैलावलेले असतात, पोटाच्या भाराने तोल पुढे जातो, आणि मावळातल्या गवतात फुरसे व घोणस असतात, त्यामुळे प्रत्येक खेपेला नवऱ्याला उठवून, बूट घालून, विजेरी जमिनीवर रोखतच जावे लागले.

अंथरूण म्हणजे जमिनीवर टाकलेली दोन बोटे जाडीची गादी. मागितल्यावर जास्तीच्या चार उश्या लगेच मिळाल्या. त्यांतली एक पाठीशी आणि एक गुडघ्यांमध्ये घेऊन कुशीवर झोपता आले. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर उताणे न झोपता कुशीवरच झोपावे असा वैद्यकीय सल्ला आहे, आणि तेव्हा अशा गादीवरून उठण्यासाठी हाताला खाट नाहीतर खुर्ची लागेल. येथे दोन्ही नव्हते.

जेवण उत्तम होते. पिठले, तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी आणि खर्डा यांवर मी समाधानाने तुटून पडले. चिरून ठेवलेली काकडी मात्र सोडली, आणि शेगडीवर भाजलेले चिकन आतून गुलाबी दिसल्यावर परत पाठवले. पिण्याचे पाणी लेबल नसलेल्या मोठ्या जारमध्ये होते. दूषित पाण्यातून पसरणारी ‘हिपॅटायटिस ई’ ही कावीळ इतरांना बहुधा त्रास देऊन जाते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत लागण झालेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. हे सांगितल्यावर आचाऱ्याने कुरकूर न करता दोन पातेली पाणी खळखळून उकळून दिले. या छावणीत सर्वांत जास्त गुण मी त्या आचाऱ्याला देईन.

तंबूच्या जाळीची चेन अर्धवट तुटलेली होती आणि त्यावर उपाय म्हणून छावणीत काम करणाऱ्या मुलाने आत धुराची कॉइल लावू पाहिली. ती नको म्हणून आम्ही चेनीची फट पिनांनी बंद केली. २०२४ मध्ये पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले, त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या, आणि तो विषाणू गर्भाच्या मेंदूवर परिणाम करतो. तो पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या सुमारास, म्हणजे नेमका काठावर चहा घेत बसण्याच्या वेळी. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डीईईटी (डासांना दूर ठेवणारे रसायन) असलेले मलम मी घरूनच नेले होते. हे मलम सूचनेप्रमाणे लावल्यास गरोदरपणात चालते.

सर्वांत गंभीर आक्षेप पुढे आहे. थंडी वाढली तेव्हा त्याच मुलाने, अगदी आपुलकीने, निखाऱ्यांची शेगडी तंबूत ठेवून देऊ का असे विचारले. ‘सगळेच ठेवतात, मॅडम.’ बंद तंबूत निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. तो वारेतून बाळापर्यंत पोहोचतो आणि आईला फारसे काही जाणवण्याआधीही बाळाचा प्राणवायू तोडू शकतो. आम्ही शेगडी नाकारून जास्तीचे पांघरूण घेतले आणि व्यवस्थापकांना हे स्वतंत्रपणे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. पटले की नाही, ते कळले नाही.

तिकोन्याबद्दल थोडक्यात. आपल्या महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाईच मुळी १६४६ मीटर, त्यामुळे येथे विरळ हवेची भीती नाही. भीती घसरण्याची आणि उन्हाची. सातला निघालो, पाठीवरचा भार नवऱ्याकडे, माझ्या हातात काठी, आणि वेग एवढाच की बोलताना वाक्य तुटू नये. वाटेवरच्या चपेटदान मारुतीला नमस्कार करून पुढे गेलो आणि बालेकिल्ल्याच्या उभ्या, उंच पायऱ्यांखाली थांबलो. वर जाता आले असते, पण उतरताना पोटामुळे स्वतःची पावलेच दिसत नाहीत.

दोघांचे मिळून तीन हजार रुपये झाले, आणि त्या जेवणासाठी व पहाटेच्या जलाशयासाठी ते मला महाग वाटले नाहीत. शेवटचा कच्चा रस्ता गाडी अगदी सावकाश चालवूनच पार केला, सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटाखाली, मांड्यांवरून घेऊन. मोबाइलला रेंज छावणीच्या फाटकापाशीच मिळत होती. १०८ वर फोन करायची वेळ आली असती तर काळोखात तिथवर चालत जावे लागले असते. हा चौथा प्रश्न मी नोंदणीच्या वेळी विचारायला विसरले होते.