पुण्याच्या तपकीर गल्लीतला यूव्ही (अतिनील) टॉर्च आणि दहा पटीचं भिंग: घरातला हस्तिदंत ओळखायला किती उपयोगी?

नैरोबी-मोंबासाला नोकरी केलेल्या पिढीने आणलेली एका सुळ्यावर चालणाऱ्या हत्तींची रांग, किंवा काँगोतला लांबट डोक्याच्या मंगबेटू जमातीच्या बाईचा अर्धपुतळा पुण्यातल्या शोकेसमध्ये अजूनही दिसतो. वसाहतकाळात गोऱ्या प्रवाशांना विकायला घडवलेला हा माल. तो कशाचा आहे, हे घरच्या घरी कळायला यूव्ही टॉर्च आणि भिंग पुरतात.

टॉर्च मागताना नुसतं ‘यूव्ही’ म्हणू नका. दुकानदार बहुधा ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा काढून देतो. त्याच्या जांभळ्या उजेडात वस्तूची स्वतःची चमक बुडून जाते. ३६५चाच घ्या, तोही पुढे काळी फिल्टर-काच असलेला. गडद अंधारात हस्तिदंत निळसर पांढरा उजळतो, बरंचसं प्लॅस्टिक मंद आणि मळकट राहतं. पण हाडही हस्तिदंतासारखंच उजळतं, आणि जुन्या मेणाचा किंवा व्हार्निशचा थर असला तर अस्सल तुकडाही पिवळट दिसतो. म्हणून उजेड तळाच्या, पॉलिश नसलेल्या भागावर टाका.

खरा निकाल भिंगच देतं. तीन काचांचं, दहा पटीचं घ्या. ‘३० पट’ छापलेली स्वस्त भिंगं नकोत. दुकानातच आलेखाच्या कागदावर धरून पाहा. कडेच्या रेघा वाकल्या तर परत करा. हाडात रक्तवाहिन्यांच्या नळ्यांचे बारीक काळे ठिपके नाहीतर तुटक रेघा दिसतात. नकली हस्तिदंत म्हणून खपणाऱ्या सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकमध्ये रेघा असतात, पण सरळ आणि समांतर. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना कापणाऱ्या कमानी दिसतात, त्या श्रेगर रेषा. वस्तूच्या अंगावर त्या शोधत बसू नका, उलटी करून बूड पाहा. सुळ्याच्या बाहेरच्या कडेजवळचा फोटो मोठा करून कमानी एकमेकींना कापतात तिथे कोनमापक लावा: ११५ अंशांच्या वर हत्ती, ९०च्या खाली मॅमथ, म्हणजे हत्तीचा नामशेष झालेला केसाळ नातेवाईक. मधल्या कोनावरून काहीच ठरवू नये.

आशियाई हत्ती की आफ्रिकी, हे मात्र या जोडीने कळत नाही. वयही नाही: पिवळेपणा चहाच्या पाण्यानेही आणतात. तसा रंग भेगांत आणि खाचांत गडद साचतो, तेवढं भिंगातून दिसतं.

तापलेल्या सुईची चाचणी अजिबात करू नका. अस्सल वस्तूवर कायमचा डाग पडतो आणि सेल्युलॉइड भडकन पेटतं. घनता काढायला पाण्यातही बुडवू नका, वाळताना तडे जातात.

विक्रीची किंमत काढून देणाऱ्यापासून लांबच राहा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या १९८६च्या दुरुस्तीने भारतीय आणि १९९१च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार इथे बंद झाला आहे. वस्तू हलवण्याआधी किंवा कुणाच्या नावे करण्याआधी वन विभागात लेखी विचारा.

एकच घ्यायचं झालं तर भिंग घ्या.