सोकोल की अपोलो? किनारपट्टीवर स्पेस सूट शिवायला घेण्याआधी

अंतराळवीराच्या सूटाची पहिली प्रतिकृती कोणती करावी हे विचारायला येणारा बहुतेक जण अपोलो मनात धरूनच आलेला असतो. पांढराशुभ्र पोशाख, पाठीवर पेटी, तोंडावर सोनेरी काच. मी रत्नागिरीत राहतो आणि दोन्ही सूट केलेत, आधी अपोलो आणि मग सोकोल. हाच क्रम उलटा असता तर माझी दोन वर्षं वाचली असती. तुमची वाचावीत म्हणून लिहितोय.

या दोन सूटांची कामंच वेगळी. अपोलोचा ए-सेव्हन-एल हा सूट चंद्रावर चालण्यासाठी होता, रशियाचा सोकोल यानात बसून घालण्यासाठी. ३० जून १९७१ रोजी सोयूझ-११ हे रशियन यान परतत असताना त्यातली हवा निसटली आणि आतले तिघंही गेले. त्यांच्या अंगावर दाबाचे सूट नव्हते, कारण छोट्या यानात तिघांना सूट घालून बसायला जागाच नव्हती. त्यानंतर सोकोल आला आणि सप्टेंबर १९७३ मध्ये सोयूझ-१२ पासून तो वापरात आहे. १९८० पासून त्याची केव्ही-२ ही आवृत्ती चालू आहे. ३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा गेले ते हाच घालून, आणि त्यांचा पोशाख दिल्लीच्या नेहरू तारांगणात ठेवलेला आहे. हुबेहूब काम करणाऱ्याला याची किंमत कळेल. अपोलोसाठी आपल्याला फोटोंवरच भागवावं लागतं. सोकोलपाशी मात्र रेल्वेचं तिकीट काढून जाता येतं, समोर उभं राहून शिवणी मोजता येतात.

आता उकाडा, कारण आपल्याकडे निर्णय इथेच होतो. अपोलोचा खरा सूट पाठपेटीसकट पृथ्वीवर ९० किलोच्या आसपास भरायचा. माझी प्रतिकृती १३ किलोची आहे, पण अंगाला जाच होतो तो वजनाचा नाही, थरांचा. तो फुगीरपणा यावा म्हणून मी आत फोम भरला होता. एप्रिलमध्ये मांडवीच्या किनाऱ्यावर दहा मिनिटं उभा राहिलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. अंतराळवीरांच्या अंगात पाण्याच्या बारीक नळ्यांचा अंगरखा असायचा, उगाच नाही. मग फोम उसवून काढला आणि त्या जागी धुऊन वाळवलेल्या जुन्या नायलॉन जाळ्याचे तुकडे चुरगळून शिवले. फुगीरपणा तेवढाच राहिला आणि वारा खेळू लागला. तरी अर्ध्या तासापलीकडे मी तो घालत नाही, आणि सोबतीला माणूस असल्याशिवाय तर नाहीच.

सोकोल एका पदराचा केला तरी खरा दिसतो. मूळचा सुमारे १० किलोचा, माझा चार. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. खरे अंतराळवीर यानाकडे चालत जाताना हातात एक छोटी पेटी धरतात, तिच्यातून नळीने सूटमध्ये वारा जातो. म्हणजे ती पेटी पोशाखाचाच भाग आहे. आपण तिच्यात १२ व्होल्टची बॅटरी आणि कॉम्प्युटरचा पंखा बसवायचा. नक्कल काटेकोर आणि घामावर उपायही. अपोलोत हीच सोय पाठपेटीत करता येते, पण नळी मानेपर्यंत न्यायची तर सगळे थर पुन्हा उसवावे लागतात.

शिलाईत सोकोल सोपा असं समजून जाऊ नका. तो खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसासाठी बेतलेला आहे. म्हणून तर ते लोक चालताना पुढे वाकलेले दिसतात. आमच्या शिंप्याने सवयीने उभ्याने मापं घेतली आणि पहिला सूट वाया गेला. अंगावर चांगला बसत होता, पण सोकोल वाटत नव्हता, पेंटरचा डगला वाटत होता. दुसऱ्या खेपेला मी खुर्चीत बसलो, पाय स्टुलावर घेतले आणि तशीच मापं दिली. गुडघ्यामागे आणि कमरेत कापड कमी, पाठीवर जास्त. उभं राहिलो तर खांदे आपोआप खाली ओढले गेले. त्या क्षणी आरशात जे दिसलं, त्यासाठीच हा छंद करायचा.

छातीवर तो व्हीच्या आकारात उघडतो. खऱ्या सूटमध्ये आतल्या रबरी थराचं तोंड गोळा करून, बोचक्याला गाठ मारावी तसं रबराच्या पट्ट्यांनी आवळतात आणि मग वरून चेन लावतात. प्रतिकृतीत ते बोचकं कोणी करत नाही, मी केलंय. पंचक्रोशीतल्या शाळेत पोरांसमोर ते बांधून दाखवलं की वर्ग गप्प होतो. हवा कोंडून ठेवायची तर इतकी साधी युक्ती पुरते, हे त्यांच्या डोळ्यांना पटतं.

अपोलोची शिलाई वेगळ्या अर्थाने अवघड. तो सूट बनवणारी कंपनी बायकांची अंतर्वस्त्रं शिवणाऱ्या उद्योगातली होती आणि टाचण्यांवर कडक नजर असलेल्या त्या कामात हात शिवणकाम करणाऱ्या बायकांचेच होते. २७ जानेवारी १९६७ ला अपोलो-१ यानात लागलेल्या आगीनंतर बाहेरचं कापड काचेच्या धाग्याचं, टेफ्लॉनचा लेप दिलेलं झालं. त्याच्या मागे लागू नका. महाग असतं आणि अंगाला खाज सुटते. मी आधी सुती ड्रिल घेतलं. दिसायला उत्तम, पण पहिल्याच पावसाळ्यात त्याला बुरा आला आणि काळे ठिपके काही केल्या गेले नाहीत. टेरिकॉट मिसळलेलं कापड घ्या. हे दोन्ही सूटांना लागू.

टणक भागांत मात्र किनारपट्टीचं पारडं अपोलोकडे झुकतं. पाठपेटी आणि हेल्मेटचं बाहेरचं कवच फायबरचं करायचं, आणि फायबरच्या होड्या बांधणारे हात आपल्याकडे बंदरोबंदी आहेत. काचधाग्याची मॅट कशी अंथरायची, रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर किती, हे त्यांना विचारा. मला ज्यांनी शिकवलं त्यांनी एकच अट घातली होती, पावसात रेझिनला हात लावायचा नाही. मी जुलैत लावला. हेल्मेट महिनाभर चिकट राहिलं आणि शेवटी फोडलं. छातीवरच्या जोडण्या, निळ्या आत येणाऱ्या हवेच्या आणि लाल बाहेर जाणाऱ्या हवेच्या, लेथवर ॲल्युमिनियमच्या करून घ्या. थ्रीडी प्रिंट काढणार असाल तर पीएलए हे प्लॅस्टिक नको. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात उभ्या गाडीत वाकडं होतं. हेल्मेटचा पारदर्शक घुमट मात्र मला मुंबईहूनच आणावा लागला. सोकोलचं डोकं कापडीच आहे, त्याला वर उचलायची एक काच, मनगटाला दोन कड्या आणि छातीवर दाबाची एक झडप. टणक काम एवढंच.

शाळेतली पोरं आता तिसऱ्याच सूटबद्दल विचारतात. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला स्पेसएक्सचा सूट घालून गेले, तो हवा असतो. दिसायला सगळ्यात साधा आणि म्हणूनच करायला सगळ्यात कठीण, कारण चूक झाकायला एक घडी नाही. पहिला म्हणून नकोच. कल्पना चावलांचा नारिंगी सूट चांगला पर्याय आहे, पण हार्नेस आणि टणक हेल्मेट धरून मेहनत जवळपास अपोलोइतकी जाते.

माझा खर्च सांगतो. फुकट गेलेलं धरून अपोलोला ६०,००० च्या वर, सोकोलला १८,०००. पण मी पैशांआधी वापर मोजेन. २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिवस, ऐन पावसाळ्यातला. शाळांची बोलावणी तेव्हा येतात. सोकोल पिशवीत घडी घालून एसटीने जातो. अपोलोला गाडी लागते, दोन माणसं लागतात, आणि चिखलात ते बूट घालवत नाहीत. सोकोल वर्षातून पंधरा वेळा अंगावर चढतो, अपोलो दोनदा.

त्या दोन वेळांपैकी एक जानेवारीतली, पहाटे सड्यावर. गवत वाळलेलं, कातळ उघडा, क्षितिजापर्यंत काही नाही. त्या जागी अपोलोच शोभतो, सोकोल नाही. तुम्हाला तेवढं एकच चित्र हवं असेल आणि दोन वर्षं देता येत असतील, तर अपोलो करा. मी तुम्हाला अडवणार नाही. मुलांमध्ये जायचं असेल, बोलायचं असेल, तासभर अंगात वावरायचं असेल, तर सोकोल.

कोणताही घ्या, पण हेल्मेटची काच कधीही पूर्ण बंद होऊ देऊ नका. कडेला फट हवीच. पंखा बंद पडला तर आपण सोडलेलीच हवा आत कोंडते आणि माणसाला ते कळायच्या आत गुंगी येते. घरी आलात की सूट उलटा करून सावलीत, पंख्याखाली वाळवा. चेन पितळी किंवा प्लॅस्टिकची घ्या, लोखंडी चेन खाऱ्या हवेत सहा महिन्यांत जाम होते.

कामाला दिवाळीनंतर लागा. रेझिन वाळतं, शिंप्यालाही सवड असते. आणि सोकोल ठरवलात तर माप द्यायला जाताना बुटकं स्टूल घरूनच घेऊन जा.