एनआयटी की सीबीआय?

अमेरिकेत मार्च महिना म्हणजे कॉलेज बास्केटबॉल, म्हणजे एनसीएए या कॉलेज क्रीडासंघटनेची 68 संघांची मुख्य स्पर्धा. त्यात नाव न आलेल्या कॉलेजांनी काय करायचं? घरी बसायचं, नाहीतर एनआयटी (नॅशनल इन्व्हिटेशन टूर्नामेंट) किंवा सीबीआय (कॉलेज बास्केटबॉल इन्व्हिटेशनल) ही दुय्यम स्पर्धा खेळायची.

एनआयटी 1938 सालची, एनसीएए स्पर्धेपेक्षा वर्षभराने मोठी. एके काळी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या या करंडकाचा रुबाब भारी होता. 1950 मध्ये सिटी कॉलेज ऑफ न्यूयॉर्कने दोन्ही स्पर्धा एकाच मोसमात जिंकल्या. आता 32 संघ, तेही निमंत्रित, आणि बरेचसे हिरमुसलेले. मोठी कॉलेजं तर सरळ नकार कळवतात. पण 2024 पाहा. 28 सामने जिंकूनही इंडियाना स्टेट विद्यापीठाच्या संघाला एनसीएएने वगळलं. गॉगल लावून खेळणारा त्यांचा उंचापुरा रॉबी अविला तोवर देशभर लाडका झाला होता. संघ रुसून बसला नाही, एनआयटीच्या थेट अंतिम फेरीत गेला आणि सीटन हॉल विद्यापीठाकडून 79-77 असा हरला. असा सामना मुख्य स्पर्धेतही रोज होत नाही.

सीबीआय 2008 ची. इथे संघच पैसे भरून उतरतात, म्हणून नाकं मुरडली जातात. 2021 पासून ती फ्लोरिडातल्या डेटोना बीचला होऊ लागली. तरी व्हीसीयूने (व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाने) 2010 मध्ये ती जिंकली आणि पुढच्याच वर्षी एनसीएएच्या शेवटच्या चारांत धडक मारली.

बघायला मी एनआयटीच निवडेन. नवख्या खेळाडूंना घडवायचं असेल, तर प्रशिक्षकाने सीबीआयची फी खुशाल भरावी.