वेम्बलीवर जोडीने मॅच बघणं कसं असतं: विमेन्स फायनलिसिमा, इंग्लंड विरुद्ध ब्राझील

परदेशात जाऊन जोडीने फुटबॉलची इंटरनॅशनल मॅच बघायचा विचार असेल आणि दोघांपैकी एकालाच फुटबॉलचं वेड असेल तर माझं ऐका, लंडनचं वेम्बली निवडा आणि जमलं तर इंग्लंडच्या बायकांच्या टीमची मॅच निवडा. आम्ही 6 एप्रिल 2023 ला तिथे विमेन्स फायनलिसिमा बघितली, म्हणजे युरोप चॅम्पियन इंग्लंड आणि दक्षिण अमेरिकेची चॅम्पियन ब्राझील, बायकांची ही मॅच तेव्हा पहिल्यांदाच होत होती. वेड मला आहे, नवरा माझ्यासाठी आलेला, त्याला ऑफसाइडचा नियम मी विमानात समजावून सांगितला. तरीही तो माणूस शेवटच्या पेनल्टीला माझ्या आधी उठून उभा होता, त्यामुळे हा रिव्ह्यू दोघांच्या वतीने आहे असं समजा.

आधी तिकिटाचं. दोन्ही तिकिटं एकाच अकाउंटवरून एकदमच घ्या म्हणजे शेजारशेजारच्या सीट मिळतात, वेगवेगळी काढून मग तिथे कुणाला तरी सरकायला सांगू असला विचार अजिबात नको, तिथे जो तो आपल्या नंबरच्या सीटवरच बसतो. तिकीट फोनवर येतं, दोघांची तिकिटं दोघांच्या फोनमध्ये आधीच घेऊन ठेवा आणि पॉवर बँक जवळ असू द्या. एकाच फोनवर दोन्ही ठेवली आणि संध्याकाळपर्यंत फोटो काढून काढून बॅटरी संपली तर दोघंही गेटबाहेर. आणि कुठल्यातरी रीसेल साइटवर दामदुप्पट पैसे देऊन तिकीट घेऊ नका प्लीज. इंग्लंडमध्ये फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय पुन्हा विकणं हा 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणजे समोरचा फसवेल ते वेगळंच, खरं तिकीट दिलं तरी ते गेटवर रद्द निघू शकतं. बायकांच्या मॅचला हा सगळा ताण खूप कमी असतो, तिकिटं पुरुषांच्या मोठ्या मॅचपेक्षा बरीच स्वस्त आणि साध्या विक्रीत मिळूनही जातात.

व्हिसाबद्दल एवढंच, नवरा-बायको असलात तरी अर्ज दोन वेगवेगळे करायचे, आणि मॅचचं तिकीट हातात आहे म्हणून व्हिसा मिळतोच असं काही नाही, म्हणून वेळ हाताशी ठेवून करा.

बॅग हा विषय मात्र गंभीरपणे घ्या. ए-फोर कागदापेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही आणि तिथली माणसं खरंच मापतात. पाठीवरची मोठी सॅक घेऊन दिवसभर लंडन फिरून तसंच मॅचला जाऊ असा प्लॅन असेल तर तो बदला, आधी हॉटेलवर जा, सॅक टाका, स्वेटर चढवा आणि मग निघा. आत कॅश चालत नाही, सगळं कार्डवर. आणि लंडनच्या ट्रेनमध्ये जोडप्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट, एका कार्डवर दोघांना जाता येत नाही. प्रत्येकाचं स्वतःचं कार्ड किंवा फोन हवा, आणि ज्या कार्डाने किंवा फोनने आत जाताना टॅप केलं त्यानेच बाहेर पडताना टॅप करायचं, कारण तेच बँक कार्ड फोनमध्ये असलं तरी मशीनच्या दृष्टीने ते दुसरं कार्ड असतं. आत जाताना प्लास्टिकचं कार्ड आणि बाहेर पडताना फोन असं केलंत तर दोन अर्धवट प्रवास धरले जातात आणि भाडं जास्त कापलं जातं.

जायला तीन रस्ते आहेत. बेकर स्ट्रीटवरून मेट्रोपॉलिटन लाइन, मध्ये फक्त फिंचली रोड आणि पुढचं वेम्बली पार्क. मेरिलबोनवरून मोठी ट्रेन, दहा मिनिटांत वेम्बली स्टेडियम स्टेशन. आणि तिसरं वेम्बली सेंट्रल, तिथून चालायला जास्त आहे पण त्या स्टेशनवरून जाणाऱ्या ओव्हरग्राउंड लाइनला 2024 मध्ये लायनेस लाइन असं नाव दिलं, इंग्लंडच्या बायकांच्या टीमच्या सन्मानार्थ, तिला लायनेसेस म्हणजे सिंहिणी म्हणतात, ते वाचून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. पण पहिल्यांदा जाताय ना, तर वेम्बली पार्कनेच जा. स्टेशनमधून बाहेर आलात की पायऱ्यांच्या वरूनच समोर सरळ रस्ता दिसतो, ऑलिंपिक वे, आणि त्याच्या टोकाला स्टेडियम आणि वर ती पांढरी कमान. कमान 133 मीटर उंच आहे आणि ती शोभेची नाहीये, छताचं बरंचसं वजन तीच पेलते, त्यामुळे आत एकही खांब नाही आणि कुठल्याही सीटवरून मैदान अडत नाही. स्वस्त तिकीट काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, वेम्बलीत लांबची सीट असते पण खांबाआडची सीट नसते.

त्या रस्त्यावरून चालणं हा मॅचचाच भाग आहे, तेव्हा निदान दोन तास आधी पोचा. आम्ही गेलो तेव्हा उजेड होता, लहान लहान मुली गालावर इंग्लंडचा झेंडा रंगवून बापाच्या खांद्यावर, शाळेच्या अख्ख्या टीम्स ट्रॅकसूटमध्ये, म्हाताऱ्या बायकांचा ग्रुप स्कार्फ गुंडाळून, आणि मधूनमधून पिवळे टी-शर्ट घातलेले ब्राझीलवाले ढोल बडवत. कुणी कुणाच्या अंगावर येत नाही, शिवीगाळ नाही, दारू पिऊन आरडाओरडा नाही. नवरा म्हणाला, "अगं मला वाटलं होतं मारामाऱ्या असतात." मी म्हटलं तू बातम्या बघतोस, मॅच बघ आता.

आत जाताना मला एक गोष्ट सारखी आठवत होती. याच इंग्लंडमध्ये 1920 च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे 26 डिसेंबरला, बायकांच्या मॅचला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर 53,000 लोक आले होते आणि पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी घातली, खेळ बायकांना योग्य नाही म्हणून. ती बंदी जवळपास 50 वर्षं टिकली. आणि आता त्याच असोसिएशनच्या स्टेडियममध्ये आमच्यासकट 83,132 माणसं बसलेली. आकडा स्क्रीनवर आला तेव्हा टाळ्या वाजल्या, मी नवऱ्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला हे आधी का नाही सांगितलंस, मी अजून मन लावून बघितलं असतं.

आमच्या सीट लेव्हल 5 ला होत्या, म्हणजे सगळ्यात वर. एस्कलेटरने जायचं असतं त्यामुळे पायांना त्रास नाही, पण चढण बरीच उभी आहे, ज्याला उंचीची भीती वाटते त्याने खालच्या लेव्हलचं बघावं. वरून खेळाचा आकार दिसतो, कोण कुठे धावतंय, रिकामी जागा कुठे तयार होतेय, आणि नवीन माणसाला खेळ समजायला हे टीव्हीपेक्षा कितीतरी चांगलं आहे. पहिल्या हाफमध्ये इंग्लंडच्या एला टूनने गोल केला ना, लुसी ब्राँझच्या पासवर, तो वरून आधीच दिसायला लागला होता, पास पास पास करत बॉल उजवीकडे आला आणि मी नवऱ्याचा हात धरून म्हटलं बघ आता मध्ये, आणि झालाच. ऑफसाइड, प्रेसिंग म्हणजे समोरच्याकडे बॉल असताना त्याच्यावर धावून जाणं, सगळं त्याला तिथे पाच मिनिटांत कळलं जे विमानात तासभर कळत नव्हतं. थंडीचं मात्र खरं आहे, छत सगळ्या सीटवर आहे पण मैदानावरचा भाग उघडाच राहतो, एप्रिलमध्ये अंधार पडला की वारा वरपर्यंत येतो, तेव्हा एक जाड जॅकेट प्रत्येकी हवंच, दोघांत एक शाल वगैरे रोमँटिक कल्पना घरी ठेवा.

मग 93 वं मिनिट. 1-0, लोक उभे राहायला लागलेले, आणि इंग्लंडची गोलकीपर मेरी एर्प्सच्या हातून बॉल सुटला आणि ब्राझीलच्या आंद्रेसा आल्वेसने तो आत ढकलला. ऐंशी हजार लोक एकदम गप्प आणि आमच्या पुढच्या रांगेतलं पिवळं कुटुंब तेवढं उड्या मारतंय, त्यातल्या मुलाने मागे वळून आमच्याकडे बघितलं आणि लाजून बसला, तेव्हा माझ्या नवऱ्यानेच त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. जादा वेळ नाही, थेट पेनल्टी. आता एर्प्सवर काय आलं असेल विचार करा, ज्या हातातून बॉल सुटला त्याच हातांनी तिने ब्राझीलच्या तामिरेसची पेनल्टी अडवली. नंतर ब्राझीलच्याच राफाएलीची गोलच्या आडव्या दांड्याला लागली. आणि शेवटची घ्यायला इंग्लंडची क्लोई केली, तिची ती पाय उचलून उडी मारत धावायची पद्धत, मधल्या त्या एका क्षणाला माझा श्वास अडकला, बॉल आत, पेनल्टीत 4-2. याच केलीने 2022 ला याच मैदानावर जर्मनीविरुद्ध युरो म्हणजे युरोपची चॅम्पियनशिप जिंकून देणारा गोल मारला होता आणि पुढे 2025 ला बासेलमध्ये स्पेनविरुद्धच्या युरो फायनललाही शेवटची पेनल्टी तिचीच. टीव्हीवर मी तिच्या सगळ्या बघितल्यात, पण शेजारी आपलं माणूस उभं आहे आणि त्याचा हात आपल्यापेक्षा घट्ट झालाय असं ते एकदाच मिळालं.

ट्रॉफी बघून मगच निघा. इंग्लंडची कॅप्टन लिया विल्यमसनने ती उचलली तेव्हा अर्धा स्टँड ट्रेनसाठी पळाला होता, मला ते पटत नाही, हजारो मैल येऊन वीस मिनिटांसाठी तेवढं सोडायचं? कारण खरं सांगायचं तर लवकर निघूनही स्टेशनबाहेर थांबावं लागतंच. पण तिथली गर्दी सांभाळायची पद्धत मला फार आवडली. ऑलिंपिक वेवर टप्प्याटप्प्याने लोकांना थांबवतात, पुढे पाट्या घेतलेली माणसं उभी असतात, थांबा म्हटलं की अख्खी रांग थांबते, प्लॅटफॉर्म रिकामा झाला की पुढचा जथा सोडतात. धक्काबुक्की नाही, कुणी मधून घुसत नाही, रांग लांब दिसते पण सरकत राहते. दोघांनी एकच काम करायचं, हात सोडायचा नाही, आणि चुकामूक झालीच तर कुठे भेटायचं ते आधी ठरवायचं, आम्ही बॉबी मूरचा, म्हणजे इंग्लंडच्या 1966 च्या वर्ल्ड कप विजेत्या कॅप्टनचा, पुतळा ठरवला होता कारण तो दाराच्या अगदी समोर आहे आणि कुणालाही विचारलं तरी सांगतो. मॅच सुटल्यावर फोनचं नेटवर्क धड चालत नाही.

वेम्बलीला आम्ही 5 पैकी साडेचार देतो, अर्धा वाऱ्यासाठी कापला. आम्ही उतरलो त्या हॉटेलला मात्र दीडच्या वर जात नाही, नाव लिहीत नाही. बुकिंगवर स्टेडियमपासून चालत दहा मिनिटं लिहिलेलं, प्रत्यक्षात त्याच्या तिप्पट, तेही रात्री, आणि डबल बेड मागितला असताना दोन सुटे बेड दिले, बदलून मागितलं तर वेगळे पैसे म्हणे. तेव्हा स्टेडियमजवळ राहायचा हट्ट करू नका. बेकर स्ट्रीटच्या आसपास बघा, मेट्रोपॉलिटन आणि ज्युबिली दोन्ही लाइन तिथे येतात, परत येताना जी आधी मिळेल ती पकडा. ज्युबिली जास्त स्टेशनं घेत येते एवढंच.